ऱ्होनच्या मुखाशी हिवाळा

उत्तर आणि पूर्व युरोपातली तळी गोठू लागली की बदकांना दक्षिणेची वाट धरावीच लागते. त्यातली लाखाच्या घरातली बदकं कामार्गात उतरतात. फ्रान्सच्या दक्षिणेला, आर्ल शहरापाशी ऱ्होन नदीला दोन फाटे फुटतात. त्या दोन फाट्यांच्या आणि भूमध्य समुद्राच्या मधला हा सपाट, खारट, पाणथळ प्रदेश. मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा अंग गोठवतो, पण पाणी सहसा गोठत नाही. उत्तरेला जवळच आल्पीयच्या चुनखडीच्या टेकड्या उभ्या आहेत, आणि त्यांच्या पलीकडे प्रोव्हान्सची पाइन झाडं. तिथेही हिवाळा सौम्य असतो, त्यामुळे काही किडे थंडीत झोपी जाण्याऐवजी भर जानेवारीत खातपीत असतात. हिवाळ्यात निरीक्षणाला सुट्टी द्यायची, ही युरोपातली जुनी समजूत. ती इथे खोटी ठरली.

आधी किड्यांकडे वळू. ज्याँ-आंरी फाब्र हा शिक्षक 1879 मध्ये ओरांजजवळच्या सेरिन्याँ गावी स्थायिक झाला. दगडगोट्यांनी भरलेली, कुणाला नको असलेली जमीन त्याने घेतली आणि तीच आयुष्यभराची प्रयोगशाळा केली. त्याच्या अंगणातल्या पाइन झाडांवर हिवाळ्यात रेशमाची पांढरी गाठोडी लटकत. आत शेकडो सुरवंट. दिवसभर ते आत राहायचे आणि रात्री पाइनच्या सुया खायला बाहेर पडायचे, तेही एकामागोमाग एक, पुढच्याच्या शेपटीला डोकं भिडवून. जाताना प्रत्येक जण रेशमाचा बारीक धागा टाकत जायचा. परतीची वाट तोच दाखवायचा. फाब्र कंदील घेऊन रात्री-बेरात्री झाडाखाली जायचा. काही रात्री सुरवंट बाहेरच पडत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने हवेच्या दाबाच्या नोंदी आणि वर्तमानपत्रातलं हवामानवृत्त यांच्याशी त्या रात्री ताडून पाहिल्या. वादळी, खराब हवा येणार असली की सुरवंट घरातच बसतात, असा त्याने निष्कर्ष काढला.

त्याचा सर्वांत गाजलेला प्रयोगही ऐन थंडीतलाच. 30 जानेवारी 1896, दुपार होण्याच्या सुमाराला, त्याच्या काचघरातल्या ताडाच्या मोठ्या कुंडीच्या काठावर सुरवंटांची एक रांग चढली. काठाचा घेर सुमारे 1.35 मीटर. रांगेचं तोंड शेपटाला मिळेपर्यंत फाब्र थांबला, मग उरलेले सुरवंट बाजूला केले आणि खालून वर येणारा रेशमाचा माग ब्रशने पुसून टाकला. आता रांगेला पुढारी उरला नाही. सुरवंट फिरू लागले. रात्री कडाका पडला, काचघराला ऊब नव्हती, तेव्हा ते गठ्ठ्याने गोळा होऊन थिजले; सकाळी ऊन आलं की पुन्हा त्याच वाटेने चालू लागले. खायला एक सुई नाही. असे सात दिवस गेले. फाब्रने हिशोब केला: सुमारे 84 तासांची चाल, 453 मीटर अंतर, 335 फेऱ्या. आठव्या दिवशी काही सुरवंट काठावरून खाली उतरले आणि बाकीचे त्यांच्या मागोमाग गेले. या प्रयोगातून ‘आंधळेपणाने मागे जाऊ नका’ असा बोध काढायची हौस पुष्कळांना असते. खरं मोल आहे ते सात दिवस, सात थंडगार रात्री, एका कुंडीकडे न कंटाळता पाहत राहण्याचं.

पाणथळातल्या निरीक्षणाचा इतिहास बंदुकीपासून सुरू होतो. कामार्गातल्या जमीनदारांना दलदलीतून पैसा मिळायचा तो शिकारीच्या भाड्याचा. त्या भाड्यापायीच कितीतरी दलदली बुजवायच्या राहिल्या, हे पक्षीप्रेमींना जड जात असलं तरी मान्य करायला हवं. 1927 मध्ये व्हाकारेस सरोवराभोवती राखीव क्षेत्र झालं. पण मोठा बदल घडवला ल्यूक हॉफमन या स्विस तरुणाने. औषधउद्योगातल्या श्रीमंत घराण्यात जन्मलेला हा प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, सुरय पक्ष्यांच्या पिल्लांच्या रंगांवर प्रबंध लिहीत होता. 1947 मध्ये त्याने तूर द्यू व्हाला ही कामार्गातली जहागीर विकत घेतली आणि 1954 मध्ये तिथे संशोधन केंद्र उघडलं.

या केंद्राची हिवाळ्यातली मोठी कमाई म्हणजे चक्रांग. हे चिमुकलं बदक सापळ्यांत पकडून, पायात धातूची कडी घालून सोडून द्यायचं. केंद्र रीतसर उघडण्याआधीपासूनच, 1952 ते 1978 या काळात, सुमारे साठ हजार चक्रांगांना कडी घातली गेली. त्यांची पुढची खबर बहुतेक वेळा शिकाऱ्यांकडूनच यायची. रशियात कुणीतरी बदक मारलं, पायातली कडी पाहिली, क्रमांक कळवला, की नकाशावर एक रेघ वाढायची. बंदूक आणि वही यांचं असं विचित्र सख्य होतं.

आलाँ तामिझिए या पक्षी-अभ्यासकाने 1964 पासून कामार्गावर विमानातून बदकं मोजायला सुरुवात केली. त्याच्या अभ्यासातून एक गोष्ट ठसठशीत पुढे आली. दिवसा उघड्या पाण्यावर हजारोंनी तरंगणारी बदकं तिथे फक्त विश्रांती घेत असतात. अंधार पडला की ती उठतात आणि दूरच्या उथळ दलदलींत बिया वेचायला जातात. म्हणजे दिवसाचं सरोवर राखून रात्रीची दलदल भातशेतीला दिली, तर बदकं उपाशीच राहणार.

हे शहाणपण कामार्गापुरतं राहिलं नाही. नोव्हेंबर 1962 मध्ये कामार्गातल्याच सँत-मारी-द-ला-मेर या किनारी गावी पाणथळांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हॉफमन तिच्या सूत्रधारांपैकी. तिथे मांडलेल्या कल्पनेतून 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमध्ये पाणथळांच्या रक्षणासाठी रामसर करार झाला. आज नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी ‘रामसर’ म्हणून ओळखली जातात, त्या ओळखीचं एक मूळ या खारट चिखलात आहे.

रोहित पक्ष्यांची कथा उन्हाळ्यात सुरू होते आणि हिवाळ्यात तिची परीक्षा होते. 1960च्या दशकात कामार्गात त्यांची वीण बिघडली, तेव्हा 1970 मध्ये फांगासिएच्या खाऱ्या तळ्यात त्यांच्यासाठी एक बेट बांधलं गेलं. पक्षी तिथे यावेत म्हणून मातीची घरटीसुद्धा रचून ठेवली. 1974 मध्ये ते आले. 1977 पासून तूर द्यू व्हालाच्या ॲलन जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी पिल्लांच्या पायांत दुर्बिणीतून वाचता येतील अशा प्लास्टिकच्या कड्या घालायला सुरुवात केली. आता पक्षी मरायची वाट पाहावी लागत नव्हती. आणि मग जानेवारी 1985 आला. सहसा न गोठणारं पाणी गोठलं. बर्फाखालचं अन्न मिळेना, आणि दक्षिण फ्रान्समध्ये सुमारे तीन हजार रोहित मेले. कड्यांमुळे कोण मेलं, कोण तगलं, कोण दुसरीकडे निघून गेलं, याचा अभ्यास करता आला. हा सारा मुलूख किती बारीक रेषेवर उभा आहे, ते त्या महिन्याने दाखवून दिलं.

ती रेषा आता सरकते आहे. फाब्रच्या सुरवंटांबद्दल नंतरच्या संशोधकांनी नेमकं मोजलं: दिवसा गाठोड्याचं तापमान 9 अंशांच्या वर गेलं आणि पुढच्या रात्री हवा शून्याच्या खाली गेली नाही, तरच ते खायला बाहेर पडतात. हिवाळे उबदार होत गेले तशा अशा रात्री वाढल्या, आणि पाइनवरची ती पांढरी गाठोडी भूमध्य प्रदेश ओलांडून उत्तरेकडे निघाली. पॅरिसच्या परिसरातही ती आढळली आहेत, झाडांबरोबर माणसांनीच नेऊन पोचवलेली. या सुरवंटांच्या केसांनी अंगाला खाज सुटते, डोळे सुजतात, कुत्र्यांच्या जिभा सडतात, म्हणून आता गावोगावी हिवाळ्यात गाठोडी काढण्याचं काम चालतं. टिट जातीचे छोटे पक्षी हे सुरवंट टिपतात, त्यामुळे त्यांच्यासाठी झाडांवर लाकडी घरटी टांगण्याचा उपायही फ्रान्समध्ये केला जातो.