डाव्या कठड्याला उभी राहा

१९५८ च्या ऑक्टोबरात माझं विलायतेला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत तीन बोट कंपन्यांची पत्रकं पसरली होती. अप्पा बॅलार्ड इस्टेटमधल्या एका तिकीट एजंटाकडे कारकून. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची तिकिटं काढली. स्वतः ते बोटीत बसले ते दाभोळपर्यंतच. पण सुवेझ कालव्याबद्दल ते असे बोलत, की तो चौपाटीच्या पलीकडून सुरू होतो असं लहानपणी मला वाटायचं.

अँकर लाईनच्या ‘सर्केशिया’, ‘सिलिशिया’ आणि ‘कॅलेडोनिया’ लिव्हरपूलला जात. लॉइड ट्रिएस्टिनोच्या ‘आशिया’ आणि ‘व्हिक्टोरिया’ १९५३ सालच्या, नव्याकोऱ्या, पण त्या इटलीत सोडणार. पुढे आगगाडी आणि खाडी ओलांडायची दुसरी बोट. तिसरी पी अँड ओ. कंपनी कुठलीही घेतली तरी वाट एकच होती. एडन, तांबडा समुद्र, सुवेझ, पोर्ट सैद.

मग निवडायचं काय? अप्पांचं म्हणणं असं, की निवड करता येते हीच कालव्याची देणगी. १७ नोव्हेंबर १८६९ ला कालवा खुला झाला. त्याआधी मुंबईहून निघालेला माणूस सुवेझला उतरायचा, आगगाडीने कैरोवरून अलेक्झांड्रियाला पोचायचा आणि तिथे दुसऱ्या बोटीत चढायचा. या वाटेवर पी अँड ओचा जम बसलेला होता. कालवा झाला आणि ज्याच्याकडे बोट असेल त्याला थेट मुंबई गाठता येऊ लागली. ट्रिएस्टहून ऑस्ट्रियन लॉइड आली, जिनोआहून रुबात्तिनो, ग्लासगोहून अँकर. इंग्रजांच्या टपाल खात्याचा मात्र जुन्या वाटेवरच भरवसा. कालवा वाहता झाल्यावरही टपालाच्या पिशव्या कितीतरी वर्षं सुवेझला उतरवून रेल्वेनेच नेल्या जात. १८८७ पासून नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, विजेचा मोठा दिवा लावून रात्रीही कालव्यातून जायची मुभा मिळाली. बोटीला टनावर पट्टी आणि उतारूमागे दहा फ्रँक वेगळे, हा सुरुवातीचा दर अप्पांना तोंडपाठ होता.

हे सगळं सांगताना ते एका जागी नेहमी थांबत. १८५९ च्या एप्रिलात खोदाई सुरू झाली ती इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीला धरून. एका वेळी वीस हजार माणसं, हातात टोपल्या. पुढे इजिप्तचा शासक इस्माईल पाशा याने वेठ बंद केली आणि मग वाफेची गाळ काढणारी यंत्रं आली. “टोपल्यांनी,” असं म्हणून अप्पा हाताची ओंजळ करून दाखवत. मुंबईहून लंडनचं अंतर केप ऑफ गुड होपच्या वळशापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं ते त्या टोपल्यांमुळे, आणि हे तिकिटावर छापायला हवं होतं असं मलाही अजून वाटतं.

कोण कुठल्या बोटीने गेलं याची एक वही त्यांनी ठेवली होती. १९३० च्या ४ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेला निघाले ते ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ने, म्हणजे पी अँड ओने. पुढल्या वर्षी गांधीजी ‘राजपुताना’ने गेले, तीही पी अँड ओचीच, परत आले ते ब्रिंडिसीहून ‘पिल्स्ना’ने, लॉइड ट्रिएस्टिनोच्या. १९३३ मध्ये सुभाषबाबूंना ‘गांजे’ने युरोपला पाठवलं, तीही इटालियन. १९३१ सालची जुनी ‘व्हिक्टोरिया’ अप्पांनी धक्क्यावरून पाहिली होती. पांढरीशुभ्र, आणि जेवणघरात थंड हवा! १९४२ मध्ये ती बुडाली, ती बातमी त्यांनी आईला अशी सांगितली की आईला वाटलं ओळखीचं कुणी गेलं.

एवढं असून माझ्यासाठी त्यांनी इटालियन बोट घेतली नाही. पी अँड ओची ‘स्ट्रॅथमोर’ घेतली, टुरिस्ट क्लास. कारण एकच. “डेकवरचे खलाशी रत्नागिरीकडचे असतात. वाढपी गोव्याचे. पोर एकटी चालली आहे, काही लागलं-सवरलं तर मराठीत सांगता येईल.” हे खरंच होतं. पी अँड ओच्या डेकवर कोकणी मुसलमान खलाशांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या. खलाशांचा म्होरक्या, म्हणजे सारंग, आपल्या गावचीच पोरं भरती करायचा. जेवणघरातले गोवेकर दोन सफरींच्या मध्ये धोबीतलावच्या आपापल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहायचे. बोटींच्या इतिहासात कप्तानांची नावं असतात. ही माणसं माझ्या मते त्या इतिहासाचा कणा आहेत.

निघायच्या आदल्या रात्री अप्पांनी बोटीचा नकाशा जमिनीवर पसरला. “केबिन तुला उजवीकडची घेतली आहे. जाताना ऊन डावीकडून येतं, तुझी बाजू सावलीत राहील. पण कालव्यात शिरलीस की डाव्या कठड्याला उभी राहा. उजवीकडे नुसती वाळू. डावीकडे गोड्या पाण्याचा पाट आहे, झाडं आहेत, आगगाडी आहे.” आणखी एक बजावलं. सुवेझला उतरून मोटारीने कैरोला जायचं, पिरॅमिड बघायचे आणि पोर्ट सैदला बोट पुन्हा गाठायची, अशी सहल असते. ती घ्यायची नाही. “पिरॅमिड नंतरही बघता येतील. पण त्या नादात कालवा चुकतो.”

सुवेझसमोर आम्ही रात्री नांगर टाकून होतो. पहाटे इंजिनाचा आवाज बदलला तशी मी वर गेले. बोटी एकामागे एक रांगेने आत शिरत होत्या. दोन्हीकडे जमीन इतकी जवळ, की बोट रस्त्यावरून चालली आहे असं वाटावं. वेग इतका बेताचा, की काठावरच्या वाटेने सायकलवाला सहज पुढे गेला असता. डावीकडे खरोखरच झाडांची ओळ होती. पाटाच्या कडेला एक बाई घागर भरत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. कडू सरोवरांत पाणी एकदम पसरलं, हिरवट निळं, आणि बोटीला जणू मोकळा श्वास मिळाला.

नाळेजवळ इजिप्तचे नावाडी त्यांच्या दोन होड्यांसह बोटीवर चढवलेले होते. वाटेत बोट काठाला बांधायची वेळ आली तर दोर नेऊन अडकवण्यासाठी. त्यांच्याशेजारी दोराची वेटोळी घालत आमच्या बोटीचा सारंग बसला होता. पांढरी दाढी, गळ्यात चांदीच्या साखळीला शिटी. मी मराठीत विचारलं, चाचा, कितव्यांदा? त्याने “बाय” म्हणून मला जवळ बोलावलं आणि सांगितलं की मोजणं सोडून दिलं. पहिल्यांदा आला तेव्हा मिसरूड फुटली नव्हती. मग इस्माइलियाकडे बोट दाखवलं. झाडीतून तीन डब्यांची गाडी धूर सोडत चालली होती.

संध्याकाळी पोर्ट सैद. होड्यांतून चामड्याच्या पिशव्या विकणारे, बाहीतून कोंबडीची पिल्लं काढणारे गलीगली जादूगार, सगळे अप्पांनी वर्णन केल्याबरहुकूम. धक्क्याच्या टोकाला एक भलामोठा चौथरा मात्र रिकामा होता. कालवा काढणाऱ्या फर्डिनांड द लेसेप्सचा पुतळा तिथे १८९९ पासून उभा होता. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालवा ताब्यात घेतला, त्यावरून लढाई झाली आणि १९५६ च्या डिसेंबरात लोकांनी तो सुरुंगाने उडवला. आमच्या बोटीवरच्या दोन इंग्रज बायका त्या चौथऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मला ओंजळ आठवली.

तिथूनच अप्पांना पत्र टाकलं. झाडं, पाट, गाडी, चौथरा, सगळं लिहिलं. लंडनला त्यांचं उत्तर आलं, त्यात तक्रार एकच होती: खलाशी कुठले होते ते लिहिलं नाहीस.

मी त्याच दिवशी उलट टपाली लिहिलं. सारंग बाणकोटचा. बाकीचे दाभोळचे, आणि एक पोरगा हर्णैचा, त्याची पहिलीच फेरी.