वेताळ, बहादूर आणि गळका नळ

गेल्या वर्षभरात मी इंद्रजाल कॉमिक्सचे बावीस जुने अंक विकत घेतले. कवितासंग्रह सोडून या वयात हा कसला नाद, असे घरचे विचारतात. माझे उत्तर साधे आहे. राहात्यासारख्या गावात, घरी दखनी बोलणाऱ्या माझ्यासारख्या मुलांना मराठी वाचनाची गोडी शाळेच्या पुस्तकाइतकीच या रंगीत अंकांनी लावली. नगर-मनमाड रस्त्याने येणाऱ्या एसटीतून कुणाचा तरी पाहुणा एक अंक घेऊन यायचा आणि तो आळीभर फिरायचा.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. पहिल्याच अंकात वेताळाच्या पट्ट्याची गोष्ट होती. अमेरिकी वर्तमानपत्रांत रोज येणाऱ्या चित्रपट्ट्या जुळवून त्यांचे पुस्तक करायचे आणि ते मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांत छापायचे, अशी ही रीत होती. १९९० मध्ये मालिका बंद पडली, तोवर आठशेहून अधिक अंक निघाले होते.

यातला मुख्य नायक ली फॉक यांचा 'फँटम'. तो १७ फेब्रुवारी १९३६ रोजी जन्मला. मराठीत त्याचे नाव झाले वेताळ. हे नाव ज्याने कुणी सुचवले, त्याला मी कवी म्हणून सलाम करतो. आपल्याकडे वेताळ म्हणजे नुसते भूत नव्हे. गावाच्या वेशीवर शेंदूर लावलेला तो राखणदार असतो. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठमोठ्या चपला वाहतात, कारण रात्रभर गावाची राखण करत फिरून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. जंगल राखणाऱ्या परक्या नायकाला हे नाव मिळाले आणि तो आमच्या शिवारातला झाला. बंगालीत त्यालाच 'अरण्यदेव' म्हणत. मला आपला वेताळच अधिक जवळचा वाटतो.

आज हे अंक वाचताना दोन गोष्टी जाणवतात. पहिली त्याच्या मोठेपणाची. सुपरमॅनसारखी कुठलीही दैवी शक्ती वेताळाकडे नाही. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यात बाप गमावलेला एक तरुण मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, आणि ती शपथ बापाकडून मुलाकडे चालत येते. आपला वेताळ एकविसावा. लोकांना मात्र तो अमर वाटतो. अमर असते ते घेतलेले व्रत, माणूस नव्हे, हे लहान मुलाला कळेल अशा रीतीने इथे सांगितले आहे. साय बॅरी यांची चित्रे आणि बी. गोविंद यांची मुखपृष्ठे आजही तितकीच ताजी वाटतात.

दुसरी गोष्ट खटकणारी आहे. साऱ्या जंगलाचे रक्षण एका गोऱ्या माणसाने करायचे आणि काळ्या माणसांनी त्याची वाट पाहायची, असा हा मामला. फॉक यांनी पुढे लुआगा नावाचा निवडून आलेला आफ्रिकी राष्ट्राध्यक्ष कथेत आणला, पण शेवटी धावून यायचा तो वेताळच. इंद्रजालच्या संपादकांनीही आपल्यापुरती डागडुजी केली. वेताळाचा मुलूख बंगालसारखा वाटू नये म्हणून त्याचे 'डेंकाली' झाले, आणि 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा'. नावे बदलली, पण घडी तीच राहिली.

ही घडी मोडली बहादूरने. १९७६ मध्ये आलेल्या या नायकाची कथा आबिद सुरतींची आणि चित्रे गोविंद ब्राह्मणियांची. चारच वर्षांपूर्वी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रे खाली ठेवली होती. बहादूरही दरोडेखोराचाच मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला, आणि मुलाला वाढवणारा पोलीस अधिकारीच. सूड घ्यायला निघालेला हा पोरगा सूड सोडतो आणि गावकऱ्यांचे नागरी रक्षक दल उभे करतो. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स आणि तोंडावर मुखवटा नाही. गोष्टी कधी कधी घाईत उरकल्यासारख्या वाटतात, चित्रांत साय बॅरींची सफाई नाही, हे खरे. पण इथे गाव कुणाची वाट पाहत बसत नाही, स्वतः राखणीला उभे राहते. मला वेताळापेक्षा बहादूर मोठा वाटतो तो यासाठी. आणि भगवा कुर्ता घातलेला हा नायक आबिद नावाच्या लेखकाने घडवला, याचे तेव्हा कुणाला नवल वाटले नाही. आज ही साधी गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

सुरतींनी पुढे कागदावरचा नायक रस्त्यावर आणला. २००७ पासून मुंबईजवळच्या मीरा रोडमध्ये ते रविवारी सकाळी प्लंबरला सोबत घेऊन घरोघर जाऊ लागले आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. थेंब थेंब गळणारा नळ महिन्याला शेकडो लिटर पाणी वाया घालवतो. गोदावरीच्या उजव्या कालव्याचे आवर्तन कधी सुटते याकडे डोळे लावून बसणाऱ्या, पेरूच्या बागा जगवणाऱ्या आम्हा राहातेकरांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

मंडळी, आजची मुले पडद्यावर इमारती उचलणारे महानायक पाहतात. जरूर पाहावेत, मीही नातवाबरोबर पाहतो. मात्र चार आण्यांचा वायसर बदलून पाणी वाचवणारा म्हातारा कुठल्या रांगेत बसवायचा, हेही त्यांना एकदा विचारून बघा.