शॅननच्या ईलची शिदोरी

लिमरिक शहराच्या वरच्या अंगास शॅनन नदीवर 'लॅक्स वेअर' या नावाचा जो प्राचीन बंधारा आहे, त्यातला 'लॅक्स' म्हणजे नॉर्स दर्यावर्द्यांच्या बोलीतला सामन मासा. नदीची कीर्ती सामनवर उभी राहिली खरी, परंतु तिच्या अलीकडच्या काळाची साक्ष काढावयाची तर ती ईलची काढावी, असे मला वाटते. ईल हा आपल्या वामेचा भाईबंद. दूर सारगासो समुद्रात जन्मून, काचेसारखे पारदर्शक पिल्लू होऊन तो खाडीत शिरतो, वर्षानुवर्षे नदीच्या गाळात वावरून चरबी साठवतो, आणि परतीची वेळ आली म्हणजे त्याचे पोट रुपेरी होते, डोळे मोठे होतात, आतडे आक्रसते. पुढचा हजारो किलोमीटरचा प्रवास तो अन्नाचा कणही न घेता त्या चरबीच्या शिदोरीवर करतो.

त्या शिदोरीत मिसळलेल्या विषाचा उगम मात्र माणसांच्या दिवाणखान्यात आहे. १४ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे डब्लिनच्या 'स्टारडस्ट' नृत्यगृहात आग लागून ४८ जण, बहुतेक ऐन तारुण्यातले, मृत्यू पावले. आसनांतला फोम किती झपाट्याने पेटतो, हे देशाने पाहिले, आणि त्या भयाला मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. त्याच वर्षी स्वीडनमधील व्हिस्कान नदीच्या माशांत ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक द्रव्ये सापडल्याचे प्रसिद्ध झाले, पण तिकडे फारसे लक्ष गेले नाही. ब्रिटनने १९८८ साली आणि आयर्लंडने १९९५ च्या हुकुमाने घरगुती आसनांना आगीची कसोटी लावली. ती पार करण्याचा एक सोयीचा मार्ग म्हणजे हीच द्रव्ये. ती फोमशी वा कापडाशी रासायनिक बंधाने जोडलेली नसत. गादीवर कुणी बसले की सूक्ष्म धूळ होऊन उडत, फरशी पुसल्याच्या पाण्याबरोबर मोरीत जात, तिथून सांडपाण्यात, गाळात, किड्यांत, आणि अखेर गाळात पडून राहणाऱ्या ईलच्या मेदात, जिथून ती सहजासहजी निघत नाहीत.

२००९ साली स्टॉकहोम कराराने यांतील काही द्रव्यांवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी ईलची संख्या ढासळल्यामुळे आयर्लंडच्या सरकारने त्याची मासेमारी बंद केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आयरिश ईलमधील या द्रव्यांचे प्रमाण युरोपातील इतर देशांच्या मानाने कमी आढळले, ही समाधानाची गोष्ट. लिमरिकजवळच्या अर्डनाक्रुशा वीजकेंद्राच्या चक्रांत चिरडले जाऊ नयेत म्हणून परतीच्या ईलना आता वरच्या पाण्यात पकडून, टाक्यांत भरून, केंद्राच्या खालच्या अंगास सोडतात. तिथून ते शिशिराच्या अंधाऱ्या रात्री ओहोटीबरोबर खाडीबाहेर पडतात, ती शिदोरी घेऊन.