धाग्याचं तापमान

मोहने म्हटलं की आमच्या भागात एनआरसी आठवते. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. आंबिवली स्टेशनाजवळची, २००९ मध्ये टाळं लागलेली कंपनी. पुढे वसाहतीतल्या इमारती पडल्या, थकीत देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षं झगडत राहिले. त्याबद्दल बरंच बोललं गेलं आहे. मला तिच्या निमित्ताने एक वेगळी, जरा तांत्रिक गोष्ट सांगायची आहे. हल्ली घराच्या भिंतीवर जो मोबाइलवर चालणारा वायरलेस थर्मोस्टॅट लावतात, त्याचं मूळ बैठकीच्या खोलीत नाही. ते अशाच कारखान्यांत आहे.

रेयॉन कसं बनतं ते आधी पाहू. लाकडाच्या लगद्याचे जाड पुठ्ठ्यासारखे तक्ते कॉस्टिक सोड्यात भिजवतात, पिळतात आणि त्यांचा चुरा करतात. मग हा चुरा ठरावीक तास नुसता ठेवून द्यायचा. त्याला 'मुरवणं' म्हणायला हरकत नाही, कारण लोणच्यासारखंच तिथेही काळ आणि उष्णता मिळून काम करतात. हवेतला ऑक्सिजन सेल्युलोजच्या लांब साखळ्या हळूहळू तोडतो. खोली दोन-चार अंशांनी तापली तर साखळ्या जास्त तुटतात आणि धागा कमजोर होतो. थंड राहिली तर द्रावण इतकं घट्ट होतं की जाळीतून उतरत नाही. यानंतर कार्बन डायसल्फाइड मिसळतात. हा द्रव ४६ अंशांना उकळतो, पटकन पेट घेतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर मेंदू व मज्जातंतू बिघडवतो. म्हणून तिथेही थंडावा हवा. त्यातून तयार झालेलं व्हिस्कोस पुन्हा बेताच्या तापमानात मुरवायचं आणि मग बारीक भोकांतून ऊन आम्लाच्या कुंडात सोडायचं. तिथे त्याचा धागा होतो. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघा इंग्रजांनी १८९२ मध्ये ही रीत शोधली. तिच्या प्रत्येक पायरीवर अंश ठरलेले आहेत. रेयॉनचा कारखाना म्हणजे एका अर्थाने तापमान राखण्याचाच कारखाना.

आणि हे काही रेयॉनपुरतं खरं नाही. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनमध्ये वातानुकूलनाची जी यंत्रणा आखली, ती एका छापखान्यासाठी होती. दमट हवेने कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. कारागिरांना घाम येतो ही तक्रार तिथे नव्हती. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमरने वापरात आणला. तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापडगिरण्यांचा इंजिनिअर. त्याला हवा ओली करायची होती, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं.

त्याहूनही मागे जाता येतं. 'थर्मोस्टॅट' हे नाव अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनज्ञाने दिलं. १८३० मध्ये त्याने दोन धातूंच्या पट्ट्या एकत्र जोडलेल्या उपकरणाचं पेटंट घेतलं. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते. त्या वाकण्यातूनच झडप उघडायची किंवा मिटायची. स्वस्त थर्मोस्टॅटमध्ये हीच पट्टी कालपरवापर्यंत होती. हाच यूर पाच वर्षांनी गिरणी-व्यवस्थेचं गुणगान करणारा ग्रंथ लिहितो, पोरांना कामाला लावण्याचंही समर्थन करतो आणि पुढे कार्ल मार्क्सच्या टोमण्यांचा धनी होतो. थर्मोस्टॅटला नाव देणारा माणूस गिरणीमालकांचा वकील होता, हे मला निव्वळ योगायोग वाटत नाही. माणसाने लक्ष ठेवायचं काम पट्टीवर सोपवायचं, हे दोन्हीकडचं सूत्र एकच.

घरांत आणि शाळांत ते काम तोवर माणूसच करत होता. आपल्याकडे पंखेवाला दोरी ओढायचा, वाळ्याच्या तट्ट्यांवर पाणी मारायलाही माणूस असायचा. झोपलेला साहेब घामाने जागा झाला की शिव्या घालायचा. इंजिनिअरिंगच्या भाषेत तोच फीडबॅक. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयात शिपाई वर्गावर्गात डोकावून कुठे किती थंडी आहे ते बघायचा आणि तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा हलवायचा. तिथले प्राध्यापक वॉरन जॉन्सन या व्यत्ययाला कंटाळले. १८८३ मध्ये त्यांनी विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्राने भट्टी चालत नव्हती, तळघरात फक्त घंटा वाजायची. झडप शिपायानेच फिरवायची. दोन-तीन वर्षांत मिनियापोलिसच्या आल्बर्ट बुट्झने घंटेऐवजी मोटर बसवली आणि शिपाई या गोष्टीतून बाहेर पडला. जॉन्सन यांची कंपनी आज जॉन्सन कंट्रोल्स या नावाने चालते, बुट्झचा वारसा हनीवेलकडे गेला.

१९५३ मध्ये हनीवेलने हेन्री ड्रायफसकडून घडवून घेतलेला गोल थर्मोस्टॅट बाजारात आणला. वायरलेस थर्मोस्टॅट बसवताना आज जी अडचण येते ती या गोल डबीपासून आलेली आहे. तिच्यात धातूची गुंडाळी आणि काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब असायचा. गुंडाळी वळली की कुपी कलायची, पारा घरंगळायचा आणि दोन तारा जोडल्या जायच्या. तिला स्वतःला वीज लागतच नव्हती. नुसत्या हीटिंगसाठी भट्टीपासून भिंतीपर्यंत दोनच तारा ओढल्या तरी भागायचं. आता त्याच जागी वाय-फायवाला थर्मोस्टॅट लावायचा तर त्याच्या रेडिओला आणि पडद्याला चोवीस तास वीज हवी. त्यासाठी 'सी वायर' नावाची आणखी एक तार लागते आणि जुन्या घरात बहुधा ती नसते. कल्याण-डोंबिवलीतून न्यू जर्सीला गेलेल्या कितीतरी मराठी घरांत शनिवारची दुपार ही एक तार शोधण्यात जाते. 'वायरलेस' म्हणवणारी वस्तू एका वायरीसाठी अडते.

प्रोग्रॅमिंगची कथाही अशीच. दिवसाचे चार भाग पाडायचे: उठणं, बाहेर जाणं, परत येणं, झोपणं. प्रत्येकाला एक तापमान द्यायचं, घर रिकामं असताना यंत्र आपोआप कमी चालतं. कागदावर हिशेब चोख. पण असे थर्मोस्टॅट घेतलेल्या पुष्कळ लोकांनी ते नीट प्रोग्रॅम केलेच नाहीत. त्यामुळे बचत हाताला लागेना आणि अमेरिकी सरकारने २००९ च्या अखेरीस त्यांना 'एनर्जी स्टार' शिक्का देणं थांबवलं.

मोहन्याच्या फ्लॅटमध्ये भट्टीही नसते आणि 'सी वायर'ही. इथे स्प्लिट एसी असतो. त्याचा थर्मोस्टॅट घरातल्या युनिटच्या पोटात, म्हणजे छताजवळ, खोलीतल्या सगळ्यात गरम हवेत. आपण हातात धरतो तो रिमोट बहुधा एकतर्फी असतो. दर वेळी बटण दाबलं की तो मोड, तापमान, पंखा अशी सगळी मांडणी नव्याने पाठवतो. एसीकडून परत येते फक्त एक 'टुं'. एसी खरोखर चालू आहे का, हे रिमोटला ठाऊक नसतं. इथला वायरलेस थर्मोस्टॅट म्हणजे सहसा हाच रिमोट बोलणारी वाय-फायची डबी आणि सोबत तापमान-आर्द्रतेचा सेन्सर. सेन्सर आतल्या भिंतीवर, साधारण छातीच्या उंचीला लावावा. पश्चिमेच्या उन्हाची भिंत, स्वयंपाकघराची भिंत आणि एसीचा थेट झोत टाळावा. चालू आणि बंद यांत निदान एक अंशाचं अंतर ठेवावं, नाहीतर यंत्र सारखं उघडझाप करतं. इन्व्हर्टर एसी पुन्हा पुन्हा बंद करण्यापेक्षा त्याचा अंश वरखाली करणं बरं. आणि वीज जाऊन आली की डबीची समजूत आणि एसीची अवस्था जुळते का, ते एकदा तपासावं. आमच्याकडे हा प्रसंग वारंवार येतो.

पण आकडा कोणता लावायचा? 'आरामदायक तापमान' ही कल्पना ज्या गणितावर उभी आहे ते डॅनिश संशोधक फँगर यांनी १९७० मध्ये मांडलं, प्रयोगशाळेत बसवलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून. २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवलं की त्यामागचं शरीर सत्तर किलोच्या, चाळिशीच्या पुरुषाचं आहे. ऑफिसात बायका शाल घेऊन का बसतात, त्याचं एक कारण इथे सापडतं. माधवी इंद्रगंटी यांनी २००८ मध्ये हैदराबादच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना विचारलं, तेव्हा त्यांचा सुखाचा अंश २९ च्या आसपास निघाला. आपल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेल्या एसीला सुरुवातीचा अंश म्हणून २४ ठरवून दिला. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असा ब्युरोचाच हिशेब आहे. तो धरला तर छताचा पंखा चालू ठेवून २७ वर झोपणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

१९४८ च्या कारखाना कायद्याचं तेरावं कलम वाचताना मला हे आकडे आठवले. कामगारांना वाजवी सोयीचं वाटेल आणि आरोग्याला इजा होणार नाही असं तापमान राखावं, असं ते २०२५ पर्यंत सांगत होतं. किती अंश, ते कलमात नव्हतं. आकडा ठरवण्याचं काम राज्यांवर सोडलं होतं. त्या काळात रेयॉनच्या चुऱ्याला किती अंश हवेत हे मात्र पक्कं ठाऊक होतं. चुरा बिघडला तर माल परत येतो, म्हणून त्याचा अंश कोणी मोघम ठेवला नाही.

असे कारखाने तीन पाळ्यांत चालतात, कारण मुरणारं व्हिस्कोस रात्री थांबत नाही. त्यामुळे कंपनीच्या वसाहतीत भर दुपारी, पत्रा तापलेला असताना झोपणारी माणसं असणारच. आज रात्रपाळी भिवंडीच्या गोदामांत आहे, कॉल सेंटरांत आहे, परदेशी टीमबरोबर काम करणाऱ्या आम्हा लोकांतही आहे. अशा घरात थर्मोस्टॅट लावणार असाल तर एक करा. चार भागांचं तयार वेळापत्रक बहुतेक वेळा झोप रात्री दहा-अकराच्या सुमारास धरून चालतं आणि दुपारी घर रिकामं आहे असं समजून एसी ढिला सोडतं. ते आधी पुसून टाका आणि घरात जो दिवसा झोपतो त्याच्या पाळीप्रमाणे नवं लिहा. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर तीन वेळापत्रकं करून ठेवा. बऱ्याच ॲपमध्ये ती नावं देऊन साठवता येतात. पहिली, दुसरी, तिसरी अशी नावं पुरतात.