शेजारच्या टेबलावरून

1951 साल. नाचणगावातून निघून तुम्ही पुलगाव स्टेशनवर आलात. आर्वीची छोटी नॅरोगेज गाडी उभी आहे, पण तुम्हाला आज त्याहून फार लांब जायचंय: रिओ द जानेरोच्या एका उंची रेस्तराँमध्ये, चार्ल्स क्रायटन दिग्दर्शित ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’च्या अगदी पहिल्या प्रसंगात.

शेजारच्या टेबलावर अ‍ॅलेक गिनेस बसलेत. इथे त्यांचं नाव हॉलंड. आवाज मऊ, वागणं सौम्य. कुणी ना कुणी जवळ येतं, हॉलंड हसून पैसे काढून देतो. वाढदिवसाच्या भेटीसाठी पैसे घेणारी ती मुलगी नीट पाहा. ऑड्री हेपबर्न! ‘रोमन हॉलिडे’ला अजून दोन वर्षं आहेत. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती निघूनही जाते.

बंदूक नाही, पोलीस नाहीत, पाठलाग नाही. गुन्ह्याचा सिनेमा, आणि सुरुवात दानधर्माने! पटकथाकार टी. ई. बी. क्लार्क तुम्हाला आधी या माणसाच्या प्रेमात पाडतात. चोरी मागाहून सांगतात. हॉलंड समोरच्या पाहुण्याला आपली गोष्ट सांगू लागतो. बँकेचं सोनं गाडीतून नेताना राखण करणारा साधा कारकून होता तो. मान खाली घालून हिशेब चोख ठेवणारा असा माणूस तुम्ही जिनिंगच्या कचेरीत पाहिलेला आहे. त्याच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. त्याने सोनं वितळवून आयफेल टॉवरच्या आकाराची पेपरवेट केली आणि पॅरिसला धाडली.

एवढ्या वेळात तुम्ही त्या पाहुण्याकडे पाहिलंत का? नाही ना? तो नुसता ऐकत बसलाय म्हणून तुम्ही त्याला सोडून दिलंत. सिनेमा शेवटी याच टेबलावर परततो, दोघं उठतात आणि दिसतं की ते एकाच बेडीने जखडलेले आहेत. तुम्ही पाहिलात तो चैनीचा नव्हे, अटकेचा प्रसंग होता. प्रत्येक नोट निरोपाची होती. क्रायटन खोटं काहीच दाखवत नाहीत, फक्त एक गोष्ट चौकटीबाहेर ठेवतात. प्रेक्षकाचा असा मान फार थोडे दिग्दर्शक राखतात.

क्लार्कना या कथा-पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. माझ्या मते या एका पहिल्या प्रसंगासाठी दिलं असतं, तरी ते योग्यच ठरलं असतं.