चिपमधले कुलूप

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही विनाशुल्क सेवा सुरू झाली आणि नांदेड-लातूरकडच्या पत्र्याच्या घरांवरही छत्र्या दिसू लागल्या. चित्रे येत ती एमपेग-२ पद्धतीने आवळलेली. डब्यातली चिप ती उलगडी. ही विद्या पेटंटांनी बांधलेली आहे, याची वार्ता आम्हां प्रेक्षकांना कोठून असणार?

ती गोष्ट उघड झाली २०१२ साली, इंग्लंडात. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा, पस्तीस डॉलरांचा संगणक निघाला. त्याच्या चिपमध्ये एमपेग-२ उलगडणारा भाग होता. पण त्याला कुलूप! घर विकत घ्यावे आणि माडीच्या जिन्याला जुन्या मालकाचे कुलूप असावे, तशातलाच प्रकार. परवान्याचा बोजा सर्वांवर नको, म्हणून ऑगस्टपासून किल्ली वेगळी विकू लागले: २.४० पौंड. तीही त्या एकाच यंत्राच्या क्रमांकाशी जखडलेली. शेजाऱ्याला उसनी देण्याची सोय नाही. एच.२६४ चा परवाना मात्र मूळ किमतीतच होता. आमच्या मते किल्लीचीच रीत अधिक प्रामाणिक. निदान कशाचे पैसे मोजतो हे तरी कळते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये एमपेग-२ चे अमेरिकेतील शेवटचे पेटंट संपले. २०१९ च्या चौथ्या पायला किल्लीच लागेना. त्याचा वेगवान प्रोसेसर ते काम स्वतःच उरकी. दूरदर्शनच्या सेवेत पुढे एमपेग-४ च्या वाहिन्याही आल्या. लातूरच्या जुन्या डब्याला त्या दिसत नाहीत, आणि त्याला कोणतीही किल्ली चालत नाही; नवा डबाच घ्यावा लागतो.