औषधरोधी सूक्ष्मजंतूंचे वाहक
औषधरोधी सूक्ष्मजंतूंचे वाहक : स्वतः आजारी नसताना ज्याच्या शरीरात वा त्वचेवर औषधांना दाद न देणारे रोगकारक सूक्ष्मजंतू वास करतात व ज्याच्यापासून ते इतरांपर्यंत पोहोचू शकतात, अशा व्यक्तीस ही संज्ञा लावतात. वाहकाने इतरांच्या सान्निध्यात काम करावे किंवा कसे, हा प्रश्न मात्र अशा औषधांहून जुना आहे. न्यूयॉर्कमधील स्वयंपाकीण मेरी मॅलन (१८६९–१९३८) ही आंत्रज्वराची वाहक असल्याचे १९०७ मध्ये आढळून आले. तिला एका बेटावर अलग ठेवण्यात आले. स्वयंपाक न करण्याच्या अटीवर १९१० मध्ये तिची सुटका झाली. परंतु धुलाईकामात मिळकत कमी असल्याने ती पुन्हा जुन्या व्यवसायाकडे वळली आणि १९१५ पासून मृत्यूपर्यंत अलगवासात राहिली.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पुंजगोलाणू सु. ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात आढळतो. १९४०–५० या दशकात त्याचे पेनिसिलीनरोधी प्रकार रुग्णालयांत फैलावले. त्यांवर उपाय म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलीन हे औषध पुढे आले. तथापि १९६१ मध्येच इंग्लंडमध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यासही न जुमानणाऱ्या प्रकारांची नोंद केली. या प्रकारांत कोशिकाभित्ती बांधणारे एक वेगळे प्रथिन असते व त्याच्याशी औषधाचा संयोग नीट होत नाही.

वाहक परिचारिका व वैद्य यांच्याबाबत पुढे दोन धोरणे रूढ झाली. नेदर्लंड्समध्ये १९८० नंतर वाहक शोधून, जंतू नाहीसे होईपर्यंत त्यांस रुग्णसेवेपासून दूर ठेवण्याची पद्धत पडली. याउलट अमेरिकेतील १९९८ च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार, वाहकापासून प्रत्यक्ष प्रसार झाल्याचे दिसून आल्याखेरीज त्यास कामावरून दूर करण्याची आवश्यकता मानली गेली नाही.

प्रसार मुख्यत्वे हातांवाटे होतो. हात धुण्याचे महत्त्व इग्नाट्स झेमेलव्हाइस (१८१८–६५) यांनी व्हिएन्ना येथे १८४७ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करणे, जखम कोरड्या पट्टीने पूर्ण झाकणे, नाकास वारंवार हात न लावणे आणि टॉवेल व वस्तरा स्वतंत्र ठेवणे, हे नियम वाहकाने पाळावयाचे असतात. जखमेतून पू वाहत असून ती झाकता येत नसेल, तर ती बरी होईपर्यंत रुग्णसेवेचे वा अन्न हाताळण्याचे काम थांबविणे योग्य ठरते. नाकात म्युपिरोसीन मलम लावून जंतू घालविता येतात; परंतु पुष्कळदा ते परत येतात.

वाहक असणे हा दोष नव्हे. वाहकास रोजगार गमावण्याची भीती असल्यास तो तपासणी टाळतो आणि त्यामुळे रुग्णांचा धोका वाढतो. यास्तव काम सुटलेल्या काळातील वेतनाची हमी हादेखील संसर्गप्रतिबंधाचाच भाग ठरतो.